उशिराची रेघ

सोहारच्या आमच्या शाळेत, फाटकाच्या आत,
एक पिवळी रेघ आहे.
मीच आखून घेतली, पहिल्या वर्षी.
सात दहानंतर जो येईल
तो प्रार्थना संपेपर्यंत तिच्यावर उभा,
मग वहीत नाव, मग वर्ग. साधा हिशोब.

तीन वर्षांत चार वह्या भरल्या.
नऊ नंबरची बस लिवाकडून येते,
ट्रकांच्या मागे, कधी धुक्यातून;
तिच्यातली मुलं वहीत पानोपानी.
मला वाटायचं, मुलंच तशी.

त्याच सुमारास आमच्या सभा चालल्या होत्या:
शाळेची संस्कृती कशी घडवायची.
खजूर, सुलेमानी चहा, प्रोजेक्टर.
आदर, जबाबदारी, सहवेदना,
तीन शब्द लॅमिनेट होऊन आले,
जिन्याच्या खिडकीशी लावले.
आठवड्यात उन्हाने कडा वळल्या.

मग मे महिन्यातला एक रविवार.
(रविवार म्हणजे इथला सोमवार,
आईला फोनवर दर वेळी नव्याने सांगते.)
फलजच्या राउंडअबाउटपाशी टायर फुटला.
सात पंचवीस.
फाटकावरचा दुरमुहम्मद हसला, बोलला काही नाही.
सरळ स्टाफरूममध्ये जाता आलं असतं.
का कोण जाणे, खांद्याला पर्स तशीच,
मी जाऊन रेघेवर उभी राहिले.

अकरा मुलं होती.
दहावीचा इळंगो म्हणाला,
"टीचर, तिथे नको. इकडे या."
"का?"
"टाकीची सावली. आत्ता इथवरच आहे."

व्हरांड्यातून तीन वर्षं जे दिसलं नव्हतं
ते तेव्हा दिसलं.
रांग उंचीची नव्हती, वर्गाचीही नव्हती.
बालवाडीतली दोघं सावलीत अगदी आत,
मग दुसरी, तिसरी,
आणि उन्हाच्या कडेला थोरले,
सूर्याकडे पाठ करून,
म्हणजे टाकीची संपते तिथून
त्यांची सावली सुरू व्हावी.
ऊन वर चढलं की सावली आखडायची
आणि कुणी न सांगता
सगळी रांग अर्धं पाऊल आत.
रिन्शाची बाटली हातोहात फिरली,
वरून पिऊन, तोंड न लावता.
कुणाचा तरी सुटलेला बूट
कुणीतरी वाकून बांधला.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"
इळंगोने खांदे उडवले.
"मी सातवीत होतो तेव्हा फरझाना दीदी करायची.
ती पास होऊन गेली."

त्या रांगेत सगळ्यात उंच मी होते.
एवढं कळायला मला चांगली पाच मिनिटं लागली.
मग निघाले सावलीतून,
कडेला गेले, पाठ सूर्याकडे केली.
बालवाडीतली एक मोजून म्हणाली,
"टीचरमध्ये तिघं मावतात."
दहावीच्या पोरांनी हसू दाबलं.
मला नाही दाबता आलं.

वहीत त्या दिवशी बारावं नाव माझं.
इयत्तेच्या रकान्यात काय लिहावं कळेना,
कोरा ठेवला.

दुपारी बसवाल्या सालेहला विचारलं.
बारा मिनिटं लवकर निघायला हवं, तो म्हणाला.
एवढंच?
एवढंच. तीन वर्षांपूर्वी सांगितलंय,
ट्रान्सपोर्टच्या वहीत असेल बघा.
होतं. त्याच्या गिचमिड अक्षरात,
खाली कुणाचीच सही नाही.

आता बस वेळेवर येते. बहुतेक.
रेघ पुसायला माणूस आला होता,
थिनर मध्येच संपला, अर्धी राहिली.
ऑफिसने अहवाल मागितलाय:
सकारात्मक संस्कृती आपण कशी रुजवली,
पाचशे शब्दांत.
"आपण" शब्दापाशी दोन दिवस अडले आहे.

परवा पहाटेपासून धूळ होती, नऊ नंबर यायची होती.
बाकीच्या बसमधली काही मुलं
वर्गात न जाता
त्या अर्ध्या रेघेपाशी घुटमळत होती.
"काय रे?" मी विचारलं.
"धाकटे यायचेत अजून," रिन्शा म्हणाली,
आणि टाकीकडे बघून
थोडी डावीकडे सरकली.